देवाची लाज आणि माझी दाढ

सोमवार, ४ तारीख

हिशेबाची वही उलटी करून मागच्या पानापासून लिहायला घेतली आहे. पुढच्या पानांवर साबण, तेल, विजेचे बिल. तिथे राग मांडायला रकाना नाही.

उजवीकडची खालची दाढ दुखते आहे. दुखते म्हणजे काय, तर चहाचा घोट गेला की कुणी तापलेली सुई आत फिरवावी तशी कळ थेट कानापर्यंत जाते. घोट पोटात उतरतो, कप विसळून पालथा घालून होतो, तरी कळ हटत नाही. कुणाला बोलले नव्हते. आज मात्र ओट्याला धरून खालीच बसले, तेव्हा ह्यांनी पाहिले.

"काय झालं?"

"दाढ. काढूनच टाकावी म्हणते."

"मग काढून टाक की," म्हणाले आणि गेले बाहेर स्कूटरकडे.

ती स्कूटर! तिचे इंजिन यंदा तीनदा उघडून झाले. मेकॅनिक म्हणतो, "काका, आता भंगारात द्या," तर ह्यांचे तोंड एवढेसे होते. "जुनी आहे म्हणून अशी कशी टाकायची?" लग्नानंतर मला पहिल्यांदा तिच्यावरूनच फिरवले होते हे खरे. म्हणून काय झाले? स्कूटरला दुरुस्ती आणि बायकोला पक्कड.

"मला विचार," सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या. "सगळे काढले आणि सुटले. ना दुखणं ना खुपणं." लगेच पुढे, "आजच्या भाजीत गाठी राहिल्यात गं. नीट वाटत जा."

मी या घरात आल्यापासून त्यांचे जेवण वाटून देते. कवळी आहे, पण ती त्यांना टोचते. म्हणून ती वाटीभर पाण्यात पडलेली असते आणि मी भांडी घासत असले की माझ्याकडे बघून दात काढते.

बुधवार, ६

लेकीने दुकानातून अर्धी सुट्टी काढली आणि मला ओढत दवाखान्यात नेले. चष्म्याच्या दुकानात नोकरी लागल्यापासून हिला प्रत्येकात काहीतरी दुरुस्त करायचे असते.

दातांची डॉक्टर म्हणजे लेकीच्याच वयाची पोर. कपाळावर दिवा बांधून बसते. मी मनात तिचे नाव दिवेबाई ठेवले. तिने आरशाच्या दांड्याने दाढेवर टकटक केले आणि मी खुर्चीतून वीतभर उडाले. मग फोटो काढून दाखवला. दाढेची दोन मुळे दिसत होती आणि एका मुळाच्या टोकाला काळी सावली, भिंतीला ओल यावी तशी.

"कीड आतल्या नसेपर्यंत पोचलीय, काकू. टोकाशी पू व्हायला लागलाय. रूट कॅनाल करावं लागेल."

"त्यापेक्षा काढून टाका."

"काढायला मला दहा मिनिटं. पण तुमच्या डावीकडच्या दोन दाढा आधीच नाहीत. चावता कुठे तुम्ही?"

"उजवीकडे."

"म्हणजे याच दाढेवर. ही गेली की शेजारची त्या रिकाम्या जागेत झुकणार, वरची खाली उतरायला लागणार. मग एकेक करत सगळीच फळी ढिली. नंतर काय, जेवण वाटून घेणार?"

माझ्या घरातले हिला कुणी सांगितले? लेकीकडे पाहिले, तर ती छताकडे बघत होती.

मग दिवेबाईने समजावले. दात म्हणजे नुसता दगड नव्हे. त्याच्या पोटात पोकळी असते, तिथून नस आणि रक्ताच्या वाहिन्या मुळांच्या बारीक नळ्यांतून खाली उतरतात. ती नस सडली की नळ्या साफ करायच्या, औषधाने धुवायच्या आणि टोकापर्यंत भरून बंद करायच्या. नस जाते, दात राहतो. वर टोपी बसवली की वर्षानुवर्षे चावता येते. आकडा ऐकून मी म्हटले, या टोपीच्या पैशांत घरात सगळ्यांना डोक्यावरच्या टोप्या येतील. ती हसली. मला हसू येत नव्हते.

तरी लेकीपुढे चालले नाही. भूल दिली, दाढ उघडली, आतले काय काय काढले, औषध ठेवून वरून पांढरे काहीतरी लिंपले. "हे तात्पुरतं आहे. पुढच्या बुधवारी या. अर्धवट सोडू नका."

खुर्चीत मी सगळा वेळ जप करत होते. जबडा उघडा असला तरी जप थांबत नाही, त्याला जीभ लागत नाही.

गुरुवार, ७

दुखणे गेले! साफ गेले. सकाळी भीत भीत गरम चहा घेतला. काही नाही. दुसरा घेतला. काही नाही. देवापुढे बसले आणि रडू आले. पहिल्याच फेरीत देवाने काम केले आणि दिवेबाईला वाटत असेल तिने केले.

रविवार, १०

प्रार्थनामंडळात आज अनुभव सांगायची पाळी मागितली. इतक्या वर्षांत कधी मागितली नव्हती. मंडळाच्या प्रमुख आमच्या माइकताई (माइक हातात आला की सुटत नाही म्हणून हे नाव), त्यांनी सुद्धा माइक लगेच दिला.

मी सांगितले की दाढ सडली होती, डॉक्टरांनी चार-पाच फेऱ्या सांगितल्या होत्या, पण मी खुर्चीत नाम घेत राहिले आणि दुसऱ्या दिवशी दुखणे नाहीसे झाले. आता मी दवाखान्याची पायरी चढणार नाही. सभागृहात सगळ्यांनी हात जोडले. माइकताई म्हणाल्या, "बघा! श्रद्धा असावी तर अशी." शिवणकाम करणारी एक बाई माझ्या शेजारी बसते, तिने माझा हात धरून ठेवला.

घरी येताना चालण्याला वेगळाच ठसका होता. ह्यांना सांगितले तर म्हणाले, "बरं झालं. पण बुधवारी जायचंय ना?" ऐकतच नाहीत ही माणसे.

बुधवार, १३

गेले नाही. लेकीने आकांडतांडव केले.

"आई, ती दाढ उघडी आहे. वर नुसता लेप आहे. आतलं काम झालेलंच नाही."

"दुखत नाही ना? मग कशाचं काम?"

"देवाने सांगितलं का तुला, अर्धवट सोड म्हणून?"

कानाखाली वाजवली असती. पण ती कमावती आहे आणि मी मंडळातून नुकती कौतुक घेऊन आलेली. दुपारी दवाखान्यातून फोन आला, तोही मी ठेवून दिला. गिऱ्हाईक सुटले की असे फोन येतात.

ह्यांचे अलीकडे पोट बिघडले आहे म्हणे. रोज मऊच हवे. "मला मऊ कर, तूही तेच खा, दोनदा कशाला रांधतेस," म्हणतात. म्हणजे आता या घरात चार तोंडांच्या चार तऱ्हा, आणि रांधणारी एकच.

शुक्रवार, २२

लेप निघाला. भाजलेले शेंगदाणे खाल्ले, तेवढ्यानेच. जिभेला खड्डा लागतो, त्यात अख्खा हरभरा बसेल. दुखत मात्र नाही, हे नमूद करून ठेवते.

खड्ड्यात अन्न अडकते म्हणून मेणबत्तीचे मेण मऊ करून त्यात दाबले. चांगले बसले. लेकीला सांगितलेले नाही. तिला सांगितले तर मेणबत्ती पेटवून तोंडात धरेल.

बुधवार, २७

सकाळी गाल जड वाटला. आरशात पाहिले, उजवा जबडा फुगलेला. बोट लावले तर आत ठणका.

पाठीवर कुणी थंड पाणी ओतावे तसे झाले. दुखण्याचे नव्हे हो. पहिला विचार आला तो त्या रविवारचा. मंडळात सगळ्यांपुढे सांगितलेले. आता या फुगलेल्या तोंडाने दवाखान्यात गेले आणि कुणी पाहिले, तर माझे जाऊ द्या, देव खोटा पडेल. माझ्यामुळे देवाला खाली मान घालायची वेळ?

शाल घेतली, डोक्यावरून गालापर्यंत. घरात म्हटले, थंडी वाजते. बाहेर लोक घाम पुसत होते.

ह्यांनी विचारले, "ताप आहे का?" कपाळाला हात लावायला आले. मी हात झटकला. तोंड वर करून नीट बोलताही आले नाही, इतका संताप आला. कुणाचा ते कळले नाही.

रविवार, ३१

शाल लपेटून मंडळात गेले. नाही गेले असते तर शंका आली असती. प्रार्थनेत तोंड पुरते उघडेना, म्हणून गुणगुणले.

शिवणकाम करणारी आज उशिरा आली. तिच्याही गालावर ओढणी. बसल्या बसल्या कुजबुजली, "वहिनी, तुमचं ऐकलं आणि मीसुद्धा नाही गेले. परवाची वेळ घेतली होती दाढेसाठी, सांगून टाकलं की नको. नाम घेतेय. तुमच्यासारखं पटकन नाही झालं, पण माझीच श्रद्धा कच्ची असणार." बोलताना तिला गिळवत नव्हते. ओढणी घसरली तेव्हा पाहिले. माझ्यापेक्षा वाईट. सूज गळ्यापर्यंत उतरलेली.

मला सांगता आले असते. माझी शाल बाजूला करायची, बस्स. इतकेच काम होते. नाही केले. माइकताई समोर होत्या, सगळ्या बायका होत्या, आणि मी शाल आणखी घट्ट ओढली.

देवा, आता तुझ्याशीच बोलते. मी तुझ्याकडे काय मागितले होते? दुखणे घालव म्हटले. तू घालवलेस. मग ही सूज कुठून पाठवलीस? घालवायचेच नव्हते तर दोन दिवस ठणकू द्यायचे होतेस, मी मुकाट्याने गेले असते. मला सगळ्यांपुढे उभे केलेस, हात जोडून घेतलेस आणि मागून खुर्ची ओढलीस. इतकी वर्षे एक वेळ चुकवली नाही तुझी. तुला तोंड दाखवायला लाज वाटत नाही का? मला तर तोंडच दाखवता येत नाही.

हे लिहिले त्याबद्दल माफी मागणार नाही. आज नाही.

सोमवार, १

आज जे घडले ते जसेच्या तसे लिहिते.

सकाळी सासूबाईंचे वाटलेले जेवण त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी ताट सरकवले. पाण्याची वाटी पुढे ओढली, कवळी काढली, पदराच्या टोकाने पुसली आणि माझ्यापुढे टेबलावर ठेवली.

"घे."

"हे काय?"

"तुझ्यासाठी. सवय कर आत्तापासून. मला टोचते, तुला बसेल कदाचित."

"आई, काहीतरीच काय बोलता!"

"शाल काढ."

मी काढली नाही. त्यांनी उठून, हो, स्वतः उठून, ती ओढली. आणि गाल पाहून मटकन खाली बसल्या. बोळक्या तोंडाने भांडायला लागल्या की त्यांचे शब्द ओले होतात, पण एकही चुकत नाही. "सुटले, सुटले म्हणून मी सांगत फिरते, तेच खरं धरलंस तू? पहिला दुखला तेव्हा तुझे सासरे म्हणाले काढून टाक. दुसरा दुखला, काढून टाक. मी प्रत्येक वेळी म्हटलं, बरं. एकदाही म्हटलं नाही की नको. आता बस वाटत माझ्यासाठी आयुष्यभर. आणि तुला कोण वाटून देणार गं? ती चष्मेवाली?"

"माझ्या दाढेत तुम्ही नाक खुपसू नका," मी म्हटले. असे मी त्यांना कधी बोलले नव्हते.

"नाकच आहे शिल्लक," त्या म्हणाल्या.

इतका अपमान! स्वतःचे जेवण वाटायचा कंटाळा मला येईल की काय या भीतीने बोलल्या, दुसरे काय. मी रागाने चपला घातल्या आणि दवाखान्याकडे निघाले. हे स्कूटर घेऊन मागे आले. किक मारली, मारली, मारली. सुरू झाली तेव्हा मी मागे बसले, आणि अर्ध्या वाटेत ती बंद पडली. मी उतरून चालू लागले. मागे वळून पाहिले तर हे स्कूटर ढकलत माझ्या मागून येत होते, धापा टाकत. म्हटले, "तिला ठेवा ना कुठेतरी!" तर म्हणाले, "तू चल. तू थांबू नकोस."

दिवेबाई एका अक्षरानेही रागावली नाही. त्याचाच जास्त राग आला. मेण काढताना तिने एकदा माझ्याकडे पाहिले, बस्स. दाढ उघडली तसा पू आला आणि जबड्यातला दाब उतरला. गोळ्या लिहून दिल्या, वेळेवर आणि संपेपर्यंत घ्यायच्या.

"दुखणं तर पहिल्याच दिवशी थांबलं होतं," मी म्हटले. मला उत्तर हवे होते.

"थांबणारच. दुखणारी नस मी काढली होती. जी थोडी राहिली असेल तीही मेली. मेलेला माणूस कण्हत नाही, म्हणून तो बरा झाला म्हणायचं का, काकू? जंतू आतच होते. खालून हाडात गेले. आणखी थांबला असतात तर गिळायला, श्वास घ्यायला त्रास झाला असता. मग दात नाही, जीव वाचवायची धावपळ."

गिळायला. मी खुर्चीतून ताडकन उठले. तोंडातला कापूस तसाच होता.

"कुठे निघालात?"

"एक बाई आहे, तिला गिळवत नाही."

दिवेबाईच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. म्हणाली, तिला इथेही आणू नका, सरळ मोठ्या इस्पितळात न्या, आत्ता.

हे दारात स्कूटर टेकवून नुकते बसत होते. त्यांना उठवले, रिक्षा केली. शिवणकाम करणारी मशीनवरच होती, मान एका बाजूला कलंडलेली. आधी ऐकेचना. "वहिनी, तुम्ही असं म्हणता? तुम्हीच?" तेव्हा मी शाल काढली आणि तिचा हात धरून माझ्या गालावर ठेवला.

मंगळवार, २

ती इस्पितळात आहे. रात्रीतून गळ्याला छेद देऊन पू काढावा लागला. डॉक्टर म्हणाले वेळेवर आणली. तिचा नवरा माझे पाय धरायला वाकला, तेव्हा मी बाजूला झाले. त्याला कुणी सांगितलेले नाही की ती कुणाचे ऐकून थांबली होती.

शुक्रवार, १२

मुळांचे काम पुरे झाले. तोंडावर रबराचे कापड ताणून त्यातून फक्त माझी दाढ वर काढली होती, कुंडीतले रोप असावे तशी. सुईहून बारीक कानशी घेऊन दिवेबाई तीन नळ्या घासत होती. दोन मुळे आणि नळ्या तीन, हे मला तिने सांगितले तेव्हा कळले. मधूनमधून औषधाने धुवायची, त्याला कपडे धुण्याच्या ब्लीचचा वास. किती वेळ घासले! एवढे तर मी दुधाचे करपलेले पातेले घासत नाही. शेवटी गुलाबी रबरासारखे काहीतरी टोकापर्यंत भरून बंद केले. "एक जरी नळी सुटली तरी पुन्हा पहिल्यापासून," म्हणाली.

चिडायला काही सापडत नव्हते, म्हणून दवाखान्यातल्या पंख्याच्या आवाजावर चिडले.

रविवार, १४

मंडळात पाळी मागितली. माइकताईंनी हसत माइक दिला. त्यांना वाटले आणखी एक चमत्कार.

मी म्हटले, "मागे मी सांगितलं होतं की माझी दाढ बरी झाली. ती बरी झाली नव्हती. दुखायची थांबली होती. मला फरक कळला नाही. त्यामुळे आपल्यातली एक बाई गळा कापून घेऊन इस्पितळात पडलीय."

माइकताई हात पुढे करून म्हणाल्या, "बसा तुम्ही आता, मन हळवं झालंय. श्रद्धा कुठेतरी कमी पडली असेल."

"श्रद्धा कमी नव्हती ताई, फेऱ्या कमी पडल्या," मी म्हटले. "आणि माइक मी देणार नाही. कुणाची दाढ दुखत असेल, किंवा दुखून आपोआप थांबली असेल, त्यांनी उद्या दवाखान्यात जायचं. जप करायचा तर खुर्चीत बसून करा. मी करते. देवाची काही हरकत दिसली नाही."

कुणी हात जोडले नाहीत. परत येताना दोघीजणी हळूच मागून आल्या. एकीने तोंड उघडून दाखवले, भर रस्त्यात.

देवाशी अजून अबोला आहे. दिवा लावते, बोलत नाही. त्याने आधी बोलावे.

मंगळवार, २३

टोपी बसली. शिवणकाम करणारी कालच घरी आली. गळ्यावर पट्टी आहे, आवाज बसका झाला आहे. तिला पाहून आले. म्हणाली, "वहिनी, तुमच्या टोपीचं माप मी घेतलं असतं तर स्वस्तात शिवली असती." मी हसले आणि बाहेर येऊन जिन्यात रडले.

दुपारी ह्यांनी पिशवी पुढे केली. भाजलेले शेंगदाणे. "तुमच्या पोटाला चालणार नाहीत," मी म्हटले. "पोट आजच बरं झालं," म्हणाले. सोंग! आणि तिकडे स्कूटर परत मेकॅनिककडे, चौथ्यांदा. काही सुधारणा नाही या माणसात.

उजवीकडे शेंगदाणा ठेवला. चावला. कडक्! आवाज डोक्यात घुमला. सासूबाईंनी खुर्चीतून मान वर केली.

"इकडे ये. तोंड उघड."

"कशाला?"

"उघड म्हणते ना."

त्यांनी पदराला बोट पुसले आणि माझ्या तोंडात घातले. दाढेवर बोट ठेवून दाबले. मग हलवून पाहिली. परत दाबली. खूप वेळ बोट काढलेच नाही. त्यांचे डोळे भरून आले होते. वयामुळे येते तसे पाणी.

"पक्की आहे," म्हणाल्या.

पैसे वाया गेले की काय ते तपासत होत्या, दुसरे काय असणार. म्हातारीचा विश्वास म्हणून कशावर नाही. मला राग आलाच होता. तरी त्यांचे बोट निघेपर्यंत मी तोंड उघडेच ठेवले.